बर्फाची खाडी अन् भागरताची बोडी

मंगळवार, दिवेलागण

कोणाचंही नाव कायलेही देऊन राहिले! नात सुमी भूगोल वाचत होती. ध्रुवाकडं एक खाडी आहे, बर्फाची नदी वितळून तिच्यात पडते. कोण्या कप्तानानं ती जहाजावरूनच पाहिली अन् आपल्या दोस्ताचं नाव ठेवलं. दोस्त तं तिकडं गेलाही नाही! म्या म्हटलं, "काऊन वं, कोणी अडवलं नाही?"

"आजी, तिथं माणूसच नव्हता."

इथं तं मी आहो ना! माह्या सासूनं, भागरतानं, टोपल्यानं माती वाहून पावसाचं पाणी साठवाले बोडी खोदली, लहानसं तळंच. सारं गाव भागरताची बोडी म्हणते. आता पाटी लावून राहिले सरपंचीणबाईच्या सासऱ्याच्या नावाची. त्यानं तिथं फक्त म्हशी धुतल्या.

उद्या ग्रामसभेत विचारतोच. उत्तर सरपंचीणबाईनंच द्यावं, निवडून तीच आली. तिचा नवरा बोलाले उठला, तं त्याले खाली बसवीन.