नामाहागे वाकला तर

ओगा, ५ फेब्रुवारी १९७४

चि. मासुओ यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण की, शुक्रवारी आम्ही तुला टीव्हीवर पाहिलं आणि तेव्हापासून या घरात कोणाचंच डोकं ठिकाणावर नाही. अंगावर गवताचा झगा, तोंडाला लाल रंग, हातात लाकडी सुरा, आणि तो निवेदक घसा फोडून सांगतोय की हा उत्तरेच्या बर्फातून आलेला क्रूर नामाहागे! आईने टीव्हीला हात जोडले. तिचा काय दोष? आपल्याकडे वर्षअखेरीला नामाहागे दारात आला की पोरं कपाटात लपतात आणि घरचा कर्ता वाकून त्याला आत घेतो, साके पाजतो. दिसायला राक्षस, पण वर्षाचं भलं करून जाणारा. तोक्योत त्याच्यावर संत्र्याच्या साली फेकतात, हे तिला कोणी सांगितलं होतं?

आपल्या हमामखान्याचा बॉयलर पेटवायचा सोडून तू पैलवान व्हायला गेलास. पहिली दोन वर्षं थोरल्या पैलवानांच्या पाठी घासल्यास. त्यासाठी घर सोडायची गरज नव्हती, पाठी इथेही होत्या. मग तुमच्या कुस्तीच्या कंपनीने अमेरिकेला शिकायला पाठवलं. तिथून लोक साहेब होऊन येतात, तू भूत होऊन आलास. बरं, तेही चालेल. पण तुझ्यासमोरच्या त्या देखण्या पैलवानाने, कुसाकाने, घडीची खुर्ची तुझ्या डोक्यात घातली, रक्त वाहिलं, तुला स्ट्रेचरवरून नेलं. आईने देव्हाऱ्यातल्या बाबांच्या फोटोपुढे भात ठेवला आणि स्वतः जेवली नाही. सकाळी घाबरत तुमच्या वसतिगृहात फोन केला तर स्वयंपाकी म्हणाला, मासुओसान तिसरा वाडगा नूडल संपवतायत.

तेव्हा एकदाच काय ते लिही. रक्त खरं होतं की नूडल?

वाळवलेले मासे पाठवले आहेत. राक्षसाने एकट्यानेच खावेत.

प्रेम आहेच, ते खुर्च्यांपासून सांभाळ.
तुझी,
तोकिएताई

---

तोक्यो, १९ फेब्रुवारी १९७४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मासे पोचले. रक्त आणि नूडल यांबद्दल मला काही सांगता येत नाही. हा टाळाटाळीचा भाग नाही, कंपनीचा नियम आहे. रिंगमध्ये जे घडतं ते रिंगबाहेर कोणाला सांगायचं नाही. बायकोला नाही, आईला नाही, डॉक्टरलासुद्धा जपूनच. रिंगमध्ये जे सज्जन ठरवलेत त्यांची बस वेगळी, दुर्जनांची वेगळी. एका गावात एकाच खाणावळीत जेवायचंही नाही. कुसाका आणि मी वसतिगृहात एका खोलीत वाढलो, एकाच भांड्यातला रस्सा ढवळला. परवा सेंदाईला मी सोबा नूडलच्या दुकानात शिरलो आणि तो आत बसलेला. बिचारा अर्धा वाडगा टाकून मागच्या दाराने पळाला. मला लाज वाटली. मग मी तो अर्धा वाडगा संपवला.

लोकांचं म्हणशील तर माझं बरं चाललंय. मोरिओकाला एका आजीबाईंनी माझ्या डोक्यात छत्री घातली. कंपनीचे मालक खूष झाले, म्हणाले, छत्र्या पडायला लागल्या म्हणजे माणूस मोठा झाला. मी मोठा झालो आहे असं आईला सांग. छत्रीचं सांगू नकोस.

काळजी करू नका, असं लिहिणार होतो, पण तू विचारशील की हे खरं की नियमाप्रमाणे. म्हणून लिहीत नाही.

आईस साष्टांग नमस्कार.
तुझा,
मासुओ

---

ओगा, ३ मार्च १९७४

चि. मासुओ यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, अगं, बाकी सगळं ठीक, पण लागलंय की नाही ते कुठे लिहिलंय? मी म्हटलं, तेवढंच लिहिलेलं नाही. त्या दिवसापासून ती टीव्ही बघताना स्वतःची मान चोळते. समोरचा न्हावी ओगुरा तिला समजावतो, काकू, ते सगळं नाटक असतं. मग त्याच्या दुकानात जाऊन ती विचारते, नाटकात माणूस पडला तर जमीन मऊ होते का? ओगुराने परवा एका गिऱ्हाइकाची अर्धी भुवई उडवली.

तेव्हा मी एक तोडगा काढला आहे. तुझा नियम बोलण्याचा आहे ना? मग बोलू नकोस. खरंच कुठे लागलं तर लढत संपल्यावर प्रेक्षकांना वाक. एकदाच, नीट, कमरेतून. तुझ्यासारखा राक्षस कधी कोणाला वाकत नाही, म्हणजे चुकून घडायची भीती नाही. तू वाकलास की आम्ही गाडी पकडू. नाही वाकलास की आई जेवेल. मालकांना कळायचं कारण नाही आणि तुझा शब्दही मोडत नाही.

कबूल असेल तर उत्तरात फक्त हवापाण्याचं लिही.

तुझीच, जेवणाच्या ताटावर आईशी भांडून थकलेली,
तोकिएताई

---

तोक्यो, १५ मार्च १९७४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

इथे प्लमची झाडं फुलली आहेत. वारा अजून गार आहे. पाणी बरं आहे.

तुझा,
मासुओ

---

ओगा, २४ नोव्हेंबर १९७४

चि. मासुओ यास,
अनेक आशीर्वाद.

अरे, तुझं चाललंय काय?

महिन्याच्या सुरुवातीला कुसाकाने तुला वरच्या दोरावरून टाकलं आणि तू मानेवर पडलास. बराच वेळ उठला नाहीस. मग उठलास, चार दिशांना बघितलंस आणि वाकलास. नीट, कमरेतून, मी सांगितलं होतं तसा. आईने कोट चढवला. मी बॉयलर विझवला, दारावर ‘आज बंद’ची पाटी लावली, आणि आम्ही स्टेशनवर उभ्या. तेवढ्यात ओगुरा हातात खेळाचं वर्तमानपत्र घेऊन धावत आला. ‘राक्षसाला पश्चात्ताप! वाकलेल्या नामाहागेला पाहून सभागृह रडलं!’ म्हणाला, काकू, तुमचा मुलगा चांगला झाला! आई म्हणाली, तो वाईट कधी होता?

घरी येऊन फोन केला तर तुमचे मालक स्वतः बोलले. मासुओकुन अगदी ठणठणीत आहेत म्हणाले. पुढच्या शुक्रवारी तू पुन्हा वाकलास. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही. परवाच्या लढतीत तर आधी वाकलास, नंतर वाकलास, आणि मध्ये एकदा पंचांनाही वाकलास. आईने कोट चढवला, उतरवला, चढवला. आता ती तो कोट घालूनच टीव्ही बघते. काय समजावं आम्ही?

उत्तर ताबडतोब. हवापाणी नको.

तुझी, एक पाय स्टेशनवर असलेली,
तोकिएताई

---

तोक्यो, १ डिसेंबर १९७४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पहिलं वाकणं तुमच्यासाठी होतं. पडल्यावर मानेतून वीज गेली आणि क्षणभर मी कुठे आहे तेच कळेना. वर छताचे दिवे, आणि मला वाटलं आपल्या हौदावरचे आहेत. तुझं बोलणं आठवलं आणि वाकलो. मला वाटलं लोक हसतील. लोक रडायला लागले. ज्या आजीबाईने छत्री मारली होती तशाच एका आजीबाईने माझ्या पायाशी संत्र्यांचा डबा ठेवला. आत गेलो तर मालकांनी मला मिठी मारली. म्हणाले, हे तुला कोणी सुचवलं? मी म्हटलं, ताईने. म्हणाले, ताई हुशार आहे, रोज वाकायचं.

आता मी सज्जनांच्या बसमधून जातो. कुसाका शेजारी बसतो आणि सेंदाईच्या अर्ध्या वाडग्याचा हिशोब मागतो.

मान कशी आहे, हे तू विचारणार. ताई, यात नियम आड येत नाही, मलाच नीट सांगता येत नाही. इतकी वर्षं मी न दुखता ओरडलो आणि दुखलं तेव्हा हसलो. आता सकाळी उठून मान धरतो तेव्हा मी स्वतःलाच विचारतो की हे कोणासाठी चाललंय? खोलीत तर कोणीच नसतं. बरी असावी. चालतो, जेवतो, वाकतो. तुम्ही येऊ नका. उन्हाळ्यात आमचा दौरा ओगाला आहे, तेव्हा डोळ्यांनी बघा.

आईला तो कोट काढायला सांग.
तुझा,
मासुओ

---

ओगा, २० ऑगस्ट १९७५

चि. मासुओ यास,
अनेक आशीर्वाद.

तुमची बस गेली आणि मी लगेच हे लिहायला बसले आहे. नाहीतर माझं धैर्य जाईल.

शाळेच्या व्यायामशाळेत जे झालं त्याबद्दल गावाच्या वतीने माफी. तू गवताचा झगा घालून आलास तशी पहिल्या रांगेतली म्हातारी मंडळी उठली, साके आणि तांदळाच्या वड्यांची ताटं घेऊन रिंगला भिडली आणि तुझ्यापुढे वाकली. तू सवयीने त्यांना वाकलास. नामाहागेच वाकतो म्हटल्यावर ती घाबरून आणखी खाली वाकली. मग तू आणखी. ओसाकाहून आणलेला तो धिप्पाड दुर्जन कोपऱ्यात उभा राहून, आपण कोणाला मारायचं, असं पंचांना विचारत होता. शेवटी त्यालाही कोणीतरी वडी दिली. गाव म्हणतंय इतकी सुंदर कुस्ती आजवर झाली नाही.

पण मला लिहायचंय ते दुसऱ्या दिवशीच्या दुपारचं. हमामखाना उघडायच्या आधी तू पुरुषांच्या बाजूला छोट्या स्टुलावर बसलास आणि आई लहानपणीसारखी तुझी पाठ घासायला गेली. मी गल्ल्यावरच्या उंच बैठकीत टॉवेलांच्या घड्या घालत होते. तिथून सगळं दिसतं, तुला माहीत आहे. आईने नळाचं कढत पाणी बादलीत घेतलं आणि डाव्या खांद्यावर ओतलं. तू ओरडलास, आई गं, जीव घेतेस का, आणि लहानपणी भिंतीवर चढायचास तसा अर्धा उठलास. आई हसली. मग तिने उरलेलं पाणी उजव्या खांद्यावर ओतलं. तू तिला होक्काइदोच्या खेकड्यांबद्दल सांगत राहिलास. कातडी लाल झाली, दंडापर्यंत, आणि तू खेकड्यांबद्दलच बोलत होतास.

आईने गार पाण्याचा नळ सोडला आणि तो खांदा बराच वेळ त्याखाली धरून ठेवला. तू विचारलंस, पाणी गार झालं का ग? तेही तिचा गार हात डाव्या खांद्याला लागला म्हणून तुला कळलं असावं.

तुझं तुला सांगता येत नाही असं लिहिलं होतंस. आता आम्हाला सांगता येतं. मासुओ, पुढच्या वेळी कोणी तुला त्या मानेवर टाकलं तर वाकायला तू उठणार नाहीस. थांब आता. मालकांना सांग की ताईने सुचवलंय. माझ्या सूचना त्यांना आवडतात.

तुझी, टॉवेलाच्या घड्या विसरलेली,
तोकिएताई

---

तोक्यो, ८ नोव्हेंबर १९७५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मानेचा फोटो काढला आणि आईने बादलीने सांगितलं तेच लांबण लावून सांगितलं. मालकांना आधी वाटलं ही नवी कथा आहे. टाळी देऊन म्हणाले, मस्त, राक्षसाचा हात झोपतो! मी टेबलावरचा चहाचा पेला उजव्या हाताने उचलून दाखवला. चहा त्यांच्या पँटवर सांडला. मग ते दार लावून खूप रडले. खरे रडले असं मला वाटतं. खात्री नाही.

काल निरोपाचा समारंभ झाला. लढत नव्हती. कुसाकाने फुलं दिली, लोकांनी रंगीत कागदाच्या फिती फेकल्या आणि दिवे मंद करून घंटेचे दहा टोल दिले. सगळे मी वाकायची वाट बघत होते. निवेदक कुजबुजत होता, आता वाकेल, आता वाकेल. मी वाकलो नाही. सरळ उभा राहिलो आणि उतरलो. लोक गोंधळले. मालक अजून विचारतायत की याचा अर्थ काय.

तुला आणि आईला कळलं असेल.
तुझा,
मासुओ

---

ओगा, १२ नोव्हेंबर १९७५

चि. मासुओ यास,
अनेक आशीर्वाद.

नाही कळलं.

टोल सुरू झाले तशी आई उभीच राहिली. ओगुराने तिला मागेच सांगून ठेवलं होतं की पैलवान मेला तरी असेच टोल देतात. तू समोर उभा दिसत असूनही तिने शेवटच्या टोलापर्यंत माझा दंड सोडला नाही. पुन्हा पुन्हा विचारत होती, उभा आहे ना ग? मग तू वाकला नाहीस. मी म्हटलं, बघ, म्हणजे दुखत नाहीये, आपलं तसंच ठरलं होतं. ती म्हणाली, दुखत नाही, की त्याला आता वाकताच येत नाही?

याचं उत्तर तू लिहून पाठवू नकोस. कागदावर तू काय लिहितोस ते तुलाही ठाऊक नसतं. सरळ ये. बॉयलरला माणूस हवा आहे; डाव्या हाताने लाकडं टाकता येतात, मी करून पाहिलं.

आईने कोट काढून खुंटीला लावला आहे. पुरुषांच्या बाजूला तुझं स्टूल मांडून बसली आहे. बादलीत पाणी घेते, तान्ह्या पोरासाठी बघतात तसं कोपर बुडवून बघते, मान हलवते आणि पुन्हा गार पाणी घालते. मी म्हटलं, अगं, तो अजून गाडीतही बसलेला नाही. ती म्हणाली, माहीत आहे, हाताला सवय करतेय.

वाट पाहणारी,
तोकिएताई