माळ्याच्या झडपेची कडी

सोमवार, ३ ऑक्टोबर १९९४

घर मिळालं! इंग्लंडातल्या टॉडमॉर्डन गावच्या चढावरच्या दगडी घरांच्या ओळीतलं, मधलं. पुढचं दार उघडलं की समोरच जिना, मागे स्वयंपाकघर. डावीकडची घरं टोकापर्यंत रिकामी, खिडक्यांना फळ्या मारलेल्या. मी बेकरीत रात्रपाळी करतो, दिवसा झोपतो, त्यामुळे मला शांतता हवीच होती.

उजवीकडच्या मिसेस हॉरॉक्स आल्याचा केक घेऊन आल्या. म्हणाल्या, काय रे गॅरेथ, बेकरीत कामाला नि अंगावर मांस नाही? सगळे पाव गिऱ्हाइकांनाच देतोस वाटतं!

आई रविवारी, सोळा तारखेला, कायमची राहायला येतेय. वसंतात तिच्या घरी चोरी झाली. तेव्हापासून ती कोट घालून, पर्स मांडीवर धरून खुर्चीतच बसून असते. अंथरुणाला पाठ टेकत नाही. तिची एकच अट आहे, आधी अलार्म. माणूस बोलावणं परवडत नाही, म्हणून खोक्यातला संच आणलाय. मीच बसवणार. मागच्या दाराला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीला आतून आडव्या फळ्या स्क्रूने पक्क्या केल्या. आता आत यायला पुढचं दार तेवढं उरलं.

बुधवार, ५ ऑक्टोबर

मुख्य पेटी स्वयंपाकघरात, जिन्याखालच्या कपाटात बसवली. आकडे दाबायची पट्टी पुढच्या दाराशी लावली. दारखिडक्यांना, उघडल्या की पेटीला कळवणाऱ्या चुंबकाच्या जोड्या, आणि जिन्याच्या माथ्यावर हालचाल टिपणारा डोळा. प्रत्येक जागेला पेटीवर एक लाल दिवा आहे. तार मात्र माळ्यावरून ओढावी लागली.

जिन्याच्या माथ्यावर, छतात माळ्याची झडप आहे; तिला खालून जाड कडी होती, वर रंगाचे थरावर थर. शेजारी जुनी चुंबकाची जोडी. माझ्याआधी इथे राहणाऱ्या म्हाताऱ्याने, मिस्टर ऑग्डेनने, अलार्म फक्त तिथेच लावलेला. पुढच्या दाराला काही नाही! मिसेस हॉरॉक्सना सांगितलं, तर म्हणाल्या, ऑग्डेन वल्लीच होता, चोर काय आभाळातून पडणार होते? हसल्या, पण कपातला चहा तसाच टाकून घरात गेल्या.

कडी निघेना. करवतीने कापली.

वर मिसेस हॉरॉक्सच्या बाजूला विटांची भिंत आहे. रिकाम्या घरांच्या बाजूला भिंतच नाही. एकच लांब माळा टोकापर्यंत, सगळ्या छपरांखालून. बॅटरीचा उजेड शेवटपर्यंत पोचला नाही.

शनिवार, ८ ऑक्टोबर

भोंगा वाजवून पाहिला. समोरचा माणूस बनियनवर बाहेर आला नि ओरडला, अरे बाबा, राणीचे दागिने ठेवलेत काय आत?

मग चाचणी. चाचणीत भोंगा वाजत नाही. कुठे हालचाल झाली की तिथला दिवा लागतो आणि पेटी किणकिणते. मी प्रत्येक खोलीतून चालून आलो, सगळं बरोबर. पेटीसमोर येऊन वही उघडली, तेव्हा जिन्याच्या माथ्याचा दिवा लागला. किणकिण. मी तर खाली होतो.

कोळी असेल. भिंग पुसलं.

सोमवार, १० ऑक्टोबर

अलार्म चालूच होत नाही. कुठलाही दिवा लागलेला असला की तो नकार देतो, आणि माथ्याचा दिवा विझत नाही. कोपऱ्यावरच्या फोनवरून दुकानदाराला विचारलं. म्हणाला, दोस्ता, तो डोळा ऊब पाहतो. हीटर बंद कर. पडदा हलल्याने काही होत नाही, गरम अंगाचं काहीतरी हलायला हवं.

हीटर बंद केला. दिवा तसाच.

बुधवार, १२ ऑक्टोबर

जिन्याच्या तळाशी गालिच्याखाली दाबाची चटई घातली. माणसाचं वजन पडलं तरच तिचा दिवा लागतो. मांजरीने लागत नाही, मिसेस हॉरॉक्सची आणून पाहिली. मांजर पायरीवर थांबेना, ओरबाडून पळाली.

दुपारी पेटीपाशी होतो. चटईचा दिवा लागला.

लागलेलाच राहिला. कुणीतरी तिथे नुसतं उभं होतं. मी हाक मारली. विझला.

ऊब आहे. वजनही आहे.

शुक्रवार, १४ ऑक्टोबर

नवी कडी आणली. जिन्यावर कुणी नाही, सगळे दिवे विझलेले. झडप बंद करून कडी सरकवली. अलार्म पहिल्याच फटक्यात चालू झाला! मला रडू आलं. आईला फोन केला, दोनदा शिकवलं. पोस्टाने पाठवलेल्या किल्लीने दार उघड, किणकिण ऐकू आली तर घाबरू नकोस, तुझ्या जन्मसालाचे आकडे दाब, सगळं बंद होतं, पेटीवरचे दिवेसुद्धा.

शनिवार, १५ ऑक्टोबर

मिसेस हॉरॉक्सना कडीचं सांगितलं. हसल्या नाहीत. माझा दंड धरून म्हणाल्या, लावलीस, पण ते वर गेलं होतं का रे?

वरची भिंत त्यांच्या नवऱ्याने एका दिवसात बांधली होती, जेवायलाही न उतरता. ऑग्डेन त्यांना सांगायचा, ते खाली येतं, फिरतं, परत जातं. गेलं हे कळायला त्याच्या झडपेवरच्या अलार्मचा दिवा होता. गेल्यावरच कडी लावायची.

माझ्या झोपायच्या खोलीत डोळा बसवलेला नाही. तिथे काही असलं तर पेटीला कळत नाही —

उद्या कामावरून आलो की कडी काढायची, म्हणजे ते वर जाईल. आई यायच्या आत.

रविवार

वर गेलो. खोलीचं दार आतून लोटलेलं. मी ते कधीच लोटत नाही. कडीकडे हात नेला. आत फळी करकरली.

खाली पळालो. पुढच्या दाराने जायला हवं होतं. पेटी बघायला धावलो, कुठे आहे ते कळावं म्हणून. चाचणीवर टाकली. चटईचा दिवा लागला.

आता ते माझ्या आणि पुढच्या दाराच्या मध्ये आहे. मागच्या दाराला, खिडकीला माझ्याच फळ्या. मी कपाटात. लिहीत राहिलो की तोंडातून आवाज निघत नाही —

माथा. विझला.

चटई. विझत नाही —

आईची बस आली असेल. चटईचा दिवा विझून माथ्याचा लागला की धावायचं, तिला दाराबाहेरच —

माथा! आता —

पुढचं दार. किणकिण. आई, नको, आकडे नको —

दाबले. सगळे दिवे गेले. कुठे आहे दिसत नाही

आई बोलतेय. म्हणते, अरे गॅरेथ, अंधारात जिन्यात काय उभा राहिलायस मुकाट, बॅग घे की माझी —