कड्यावरच्या अर्ध्या वेली

आबा, आहुप्याच्या कड्यावर कंदीलपुष्पाच्या थोड्याच वेली उरल्या आहेत. कॉलेजातर्फे मी त्यांचा अभ्यास करते, पावसाळा सरताना दरवर्षी जाते. फूल म्हणजे उभा, पोकळ कंदील. बारीकशी माशी आत शिरते, केसांमुळे अडकते, फूल कोमेजू लागलं की पराग घेऊन सुटते आणि जवळच्याच वेलीवर जाते. दरीपलीकडचा कडा तिच्या आवाक्यातला नाही. त्यामुळे पराग घरातल्या घरात फिरतात. तपासलं तर सगळ्या वेली अगदी जवळच्या नात्यातल्या निघाल्या. म्हणून त्यांच्या फुलांचा काठ जांभळा, दुसरीकडे कुठे न दिसणारा. आणि म्हणूनच बहुधा फुलं भरपूर असूनही शेंगा जवळजवळ नाहीतच.

हे तुम्हालाच सांगावंसं वाटलं, कारण शिनोलीच्या आपल्या स्वयंपाकघरात वाद झाला तो असाच होता. तुम्ही जेवताय, आई भाकरी थापतेय. "येडगावला आत्याच्या घरात तुला काय कमी पडनार हाय? आपल्या मान्सात ऱ्हाशील," तुम्ही म्हणता. मी म्हणते, आत्याच्या मुलाशी मला लग्न करायचं नाही. तुम्ही ओरडला नाहीत. "म्या बहिनीला शबूद दिलाय," एवढंच बोलून अर्ध्या ताटावरून उठलात. मी माझ्या मनाने, परक्यात लग्न केलं. आत्याने आपल्याकडे येणं सोडलं. तुमचा मला राग आला होता, अजूनही थोडा आहे. पण भाऊबीजेला तुम्ही एसटीच्या थांब्यापर्यंत जाऊन एकटेच परत यायचात, तेही दिसतं.

यंदा पलीकडच्या कड्यावरचे पराग आणून बारीक ब्रशने इथल्या फुलांत ठेवले. शेंगा धरल्या, जोडीजोडीने. बरोबरचा संशोधक खूश होऊन म्हणाला, "मॅडम, आता सगळ्याच वेलींना लावू." मी नको म्हटलं. अर्ध्या वेली तुलनेसाठी तशाच हव्यात, असं सांगितलं. ते खोटंही नाही. बाहेरच्या परागांनी वेली वाचतील, पण तो जांभळा काठ कदाचित हळूहळू जाईल.

हे पत्र तुम्हाला पाठवायचं नाहीच, म्हणून लिहिते. ब्रश न लावलेल्या वेलींपाशी मी जरा जास्तच थांबते. तिथे एक तरी शेंग धरावी असं वाटतं. धरली तर "आपल्या मान्सात" हे तुमचं म्हणणं थोडं खरं ठरेल, हे कळूनही वाटतं.