तिर्झाच्या हातातलं कार्ड

वेस्ट फोर्क, ओहायो
सोमवार, ५ ऑगस्ट १९९६

प्रिय हेस्टरताई,

तुझं पार्सल शनिवारी सुखरूप पोचलं. नाईल नदीचा भिंतीवरचा नकाशा एक, त्याचा कोपरा फाटला होता तो मी मागून चिकटवला. प्लास्टरची पाच पौंडांची पिशवी, तांब्याच्या तारेचं रीळ, जाड पिवळट कागदाचा गठ्ठा. पिशवीवर दुकानाची चिठ्ठी तशीच होती, तीन डॉलर एकोणनव्वद. आमच्याकडे चार डॉलर वीसच्या खाली देत नाहीत. वर टपालाची तिकिटं पाच डॉलर ऐंशी सेंटांची. एवढा खर्च करायचा नव्हतास गं. परमेश्वर तुला भरून देवो.

फॉर्मही मिळाला.

आम्ही सगळे बरे आहोत. वेंडेलच्या पाठीचं दुखणं कमी आहे. टोमॅटो यंदा उदंड, चाळीस बरण्या भरून झाल्या आणि अजून वेलींवर लाल दिसतंय. तिर्झाला परवा दहा पूर्ण झाली. नकाशा बघून ती म्हणाली, "मावशीनं नदी उलटी पाठवली. ही वर वाहते." मग तिनं तो जमिनीवर अंथरला, त्यावर पोटावर पडली आणि बोटानं डोंगरांपासून समुद्रापर्यंत नदी काढत गेली. "उलटी नाही," म्हणाली, "डोंगर खाली आहेत."

यंदा घरच्या अभ्यासात आम्ही मिसर देश केला, ते मी जुलैच्या पत्रात लिहिलंच होतं. त्यातल्या फोटोत जी कोंबडीची ममी आहे ती कोंबडी आपल्या मरणानं मेलेली होती, मुद्दाम मारली नाही. चाळीस दिवस तिला मीठ आणि खायच्या सोड्यात पुरून ठेवली, दर आठवड्याला मीठ बदललं, मग दालचिनी लावून जुन्या चादरीच्या पट्ट्यांत गुंडाळली. वेंडेल गॅरेजमध्ये नाक धरून जायचा. "इतक्या मिठात तर आठवडाभराचं सूप झालं असतं," म्हणायचा. तिर्झानं त्याला सुनावलं, "बाबा, राजाचं सूप करत नाहीत."

विटांचं मात्र तुला सांगायचं राहिलं. बायबलात, निर्गमात वाचतो ना आपण, फारोनं इस्राएली लोकांना पेंढा देणं बंद केलं आणि विटा मात्र तेवढ्याच मागितल्या, कमी पडल्या की मार. तिर्झा म्हणाली, करूनच बघू. वीस विटा पेंढा घालून, वीस नुसत्या चिखलाच्या. उन्हात दहा दिवस वाळवल्या आणि मग ती एकेकीवर उभी राहिली. पेंढ्याच्या विटांना काही झालं नाही. नुसत्या चिखलाच्या विसांतल्या चौदा मोडल्या. तिनं तुकडे उचलून हातात चुरून पाहिले. मग म्हणाली, "आई, त्यांना मार विटा कमी पडल्या म्हणून नाही बसला. मोडणाऱ्या विटा करायला लावल्या म्हणून बसला." इतकी वर्षं मी तो अध्याय वाचते आहे, मला हे कधी सुचलं नव्हतं.

तू शिक्षिका आहेस, मी शाळा संपवून थेट संसाराला लागलेली बाई. पण ही मुलगी मंद नाही, हे तुलाही दिसेल.

नियम तुला मी काय सांगायचा, घरी शिकणाऱ्या मुलाची वर्षाची प्रगती ठीक आहे अशी दर वर्षी एका शिक्षिकेची सही लागते. तीस तारखेच्या आत तुझी सही शाळाखात्याच्या ऑफिसात गेली नाही तर सप्टेंबरात तिर्झाला शाळेच्या पिवळ्या बसमध्ये बसवावं लागेल. तू फॉर्म कोरा परत पाठवलास आणि सोबत एका ओळीची चिठ्ठी: "लोईस, तिर्झा एकटी बसून वाचते अशा एका पुस्तकाचं नाव कळव."

पावट्याच्या शेंगा चुलीवर आहेत. उरलेलं उद्या लिहिते.

मंगळवार सकाळ

काल शेंगा अर्ध्या तासात उतरवल्या. नंतर वेळ होता. लिहायला बसले नाही.

मेमध्ये चर्चच्या तळघरात आम्हा घरी शिकवणाऱ्या कुटुंबांचा इतिहासाचा दिवस होता. प्रत्येक मुलानं आपल्या टेबलाशी उभं राहायचं आणि केलेल्या कामाची माहिती कार्डावरून वाचून दाखवायची. तिर्झाच्या टेबलावर दोन विटा, एक अख्खी, एक मोडकी. कार्ड मी लिहून दिलं होतं. आणि ताई, तीन आठवडे मी तिच्याकडून ते पाठ करून घेतलं होतं. नुसतं पाठ नाही. कुठल्या शब्दाला बोट कुठे न्यायचं, ओळ संपली की बोट डावीकडे कसं आणायचं, हेही. स्वयंपाकघरात उभी करून. तिला वाटलं, सगळ्यांच्या आया असंच करतात.

पाळकांच्या बायकोनं सगळी कार्डं गोळा करून ठेवली होती आणि घाईत दोन मुलींची अदलाबदल झाली. तिर्झाच्या हातात आलं रोमन लोकांच्या पाण्याच्या पुलांचं कार्ड. तिनं ते नीट समोर धरलं, बोट ठेवलं आणि मोठ्या आवाजात, न अडखळता, विटांची सगळी माहिती वाचून दाखवली. बोट अगदी बरोबर फिरत होतं. लोक टाळ्या वाजवणार, तेवढ्यात शेजारची मर्सी म्हणाली, "पण विटांचं कार्ड तर माझ्याकडे आहे."

हसले सगळे. वाईट मनानं नाही. पाळकांच्या बायकोनं सावरून घेतलं, "बघा, किती तयारी, कार्डसुद्धा लागलं नाही." मग टाळ्या झाल्या. मी पण वाजवल्या.

गाडीत ती मागे बसली होती. म्हणाली, "आई, माझ्या हातात होतं त्याच्यावर काय लिहिलं होतं?"

मी सांगितलं, पुलांबद्दल होतं. तिनं विचारलं, पुलांबद्दल काय. मला सांगता येईना. मी ते वाचलंच नव्हतं.

तेव्हा तुझ्या चिठ्ठीचं उत्तर हे: एकही नाही. घरच्या प्रार्थनेत तिच्या वाट्याला येणारं बायबलमधलं वचन मी दुपारीच तिच्याकडून घोकून घेते. वेंडेलला वाटायचं मुलगी वाचते. मिठातली कोंबडी, विटा, मातीच्या पाट्या, हे सगळं मी आधी इतिहासासाठी सुरू केलं, पण पुढे पुढे पुस्तकं उघडायला लागू नयेत म्हणून वाढवत गेले. तिला हातानं आनंद होतो, हेही खरं आहे. दोन्ही खरं आहे.

तीन वर्षांपूर्वी थँक्सगिव्हिंगच्या जेवणानंतर भांडी पुसताना तू मला म्हणालीस, "लोईस, ह्या मुलीला अक्षरं आपल्यासारखी दिसत नाहीत. कुणा जाणकाराला दाखव." आणि मी तुला म्हणाले, ज्या बाईला स्वतःचं मूल नाही तिनं माझ्या मुलीत खोट काढू नये. तू टॉवेल घडी करून ठेवलास आणि कोट घातलास. ते मी कुठल्या तोंडानं बोलले, मला माहीत नाही. तुझी दोन बाळं गेली तेव्हा मीच तुझ्या उशाशी होते. त्याची क्षमा मी देवाकडे रोज मागते, तुझ्याकडे आज पहिल्यांदा मागते आहे. तीन वर्षांनी, जुलैत, लिहिलेलं पहिलं पत्र सहीसाठी लिहिलं, आणि तू उलट प्लास्टर पाठवलंस.

काल जेवणानंतर वेंडेलला सगळं सांगितलं. तो रागावला नाही.  म्हणाला, "म्हणजे प्रार्थनेच्या वेळी ती रोज घाबरत असणार." आणि मग, "हेस्टरला लिही."

फॉर्म सोबत परत पाठवते आहे, तसाच कोरा. सही कर असं म्हणत नाही. तू ये. तिला समोर बसवून तुझ्या पद्धतीनं बघ, मी बाहेर बागेत थांबेन. नंतर तू म्हणालीस घरीच राहू दे, पण अमुक पद्धतीनं शिकव, तर मी ते शिकून घेईन. तू म्हणालीस शाळेत पाठव, तर बसथांब्यापर्यंत मी तिला पोचवीन. तिला मागच्या खोलीत मंद मुलांच्या रांगेत बसवतील ही माझी भीती आहे, ती तुला सांगून ठेवते. पण ती माझी भीती आहे, तिची नाही. तिला विचारलं तर म्हणाली, "मावशीला पुलांचं माहीत असेल का?"

तुझ्या टोलेडोहून इकडे बस बुधवारी आणि शनिवारी येते. कुठल्या बसनं निघतेस ते उलट टपाली कळव, आणि पत्र तिर्झाच्या नावानं लिही. मी ते तिच्या शेजारी बसून तिला वाचून दाखवीन, त्यात माझ्याबद्दल जे काही असेल त्यासकट, एकही ओळ न गाळता.

तुझी धाकटी,
लोईस