ताईच्या हॉलमधली बारा मिलिमीटर काच

मी, माशांच्या काचटाक्या मापाने बांधून देणारा, वय पंचावन्न, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय माझी अखेरची इच्छा लिहून ठेवतो. वकिलाने मजकुरात जागोजागी 'सदरहू' पेरले होते, ते मी उपटले.

१. राहते घर पत्नीला. ठेवावे की विकावे, तिची मर्जी.

२. कार्यशाळा, काच कापायचा हिरा आणि मोठे टेबल धाकट्या भावाला. टेबल मी तंतोतंत सपाट बसवले आहे. त्याखाली पाचर घालू नये.

३. भावोजींना माझी सपाटी तपासायची पाणसळ. त्यांच्या घरात एक तरी वस्तू सरळ असावी.

४. ताईच्या हॉलमधली सहा फुटी टाकी माझ्या मृत्यूनंतर ताबडतोब रिकामी करावी. एवढ्या उंच पाण्याला पंधरा मिलिमीटर काच हवी, शिवाय वर आडव्या पट्ट्या, असे धाकटा म्हणत होता. भावोजींना पट्ट्या नको होत्या; दृश्य तुटते म्हणे. मला हिरवी झाक नसलेली स्वच्छ काच हवी होती, आणि ती बारातच मिळाली. "पुस्तकं मी वाचलीत की तू?" असे मी धाकट्याला चारचौघांत विचारले. तो काम सोडून गेला. परवा कोपऱ्यातले सिलिकॉन काचेपासून सुटताना दिसले. पांढरी रेघ वर चढते आहे. समोरच्या सोफ्यावर भाची अभ्यास करता करता झोपते. ताईने विचारले तेव्हा मी म्हणालो, काही नाही, चुन्याचा डाग आहे. आणि तिच्या हातचा चहा प्यायलो.

इथवर वाचून साक्षीदार शिंपीकाकांनी चष्मा काढला. म्हणाले, "म्हणजे तुम्ही जाईपर्यंत ती भरलेलीच?"

कलम ४ मी खोडले आहे.

ताईला फोन करून भाचीला हॉलमधून हलवायला सांगितले. कारण विचारल्यावर खरे तेच सांगितले. तिने लेकीला हाक मारली आणि फोन ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते. मग धाकट्याला फोन लावला. तुझे बरोबर होते, म्हणालो.

"दादा, ते नंतर बोलू. आधी वीज बंद करायला सांग. मी नळी घेऊन निघतोय."

साक्षीदार: शिंपीकाका आणि शेजारचा सुतार. सह्या बाकी, दोघे बादल्या आणायला गेले आहेत.
स्थळ: कार्यशाळेची मागची खोली.
दिनांक आणि माझी सही: टाकी रिकामी झाल्यावर.