तुमची अमेरिका आणि आपली सिस्टर

बाबा, आपल्या मराठी मंडळाने तुमच्यावर लेख मागितलाय. यंदा स्मरणिका काढताहेत, आणि त्यात पहिल्या पिढीतल्या डॉक्टरांवर एक वेगळा विभाग आहे म्हणे. विषयसुद्धा त्यांनीच ठरवून पाठवलाय, 'अमेरिकेतल्या काळ्या कामगारांच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिलेला मराठी डॉक्टर'. शब्दमर्यादा सहाशे, सोबत एक फोटो. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी तुमची ती गोष्ट वॉटफर्डमध्ये अजून जिवंत आहे, म्हणजे कमालच म्हणायची. गेले तीन शनिवार मी लिहायला बसतेय आणि दरवेळी पहिल्याच परिच्छेदात अडकतेय, कारण हात भलतंच काहीतरी लिहायला लागतो. म्हणून आज ठरवलं, आधी ते भलतंच लिहून टाकायचं. लेखाचं मग बघू.

तुमची गोष्ट मला तोंडपाठ आहे. तुम्ही पुण्याहून अमेरिकेत गेलात, तिथल्या एका मोठ्या हॉस्पिटलात भूल द्यायचं शिकत होतात. तिथले ट्रॉली ढकलणारे, फरशी पुसणारे, लॉन्ड्रीतल्या बायका, सगळे काळे. पगार एवढा तुटपुंजा की दोन नोकऱ्या केल्याशिवाय घर चालत नव्हतं, आणि युनियन काढायला बंदी. एका हिवाळ्यात ते सगळे काम सोडून फुटपाथवर जाऊन उभे राहिले. शिकाऊ डॉक्टरांना हुकूम निघाला की ट्रॉल्या तुम्ही ढकला. बाकीच्यांनी ढकलल्या. तुम्ही मात्र आजीने विणलेला स्वेटर घालून बाहेर गेलात आणि कोणीतरी हातात दिलेला फलक धरून बर्फात उभे राहिलात. पुढच्या वर्षी तुमचं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही, म्हणून तुम्ही इंग्लंडला आलात. मी लहान असताना तुम्ही चाळीस मिनिटं उभे होतात. मी युनिव्हर्सिटीत गेले तोवर त्याचे तीन तास झाले होते, आणि इराकचं युद्ध आलं तेव्हा तुम्ही दिवसभर उभे होतात. असू दे. चाळीस मिनिटं तर चाळीस मिनिटं, पण तुम्ही खरंच उभे होतात, आणि मला त्याचा केवढा अभिमान होता! शाळेत मी त्यावर निबंध लिहिला होता.

मग रविवारच्या बैठका. चार डॉक्टर काका, जेवणं झालेली, फ्रंट रूममध्ये पाय पसरून बसलेले, आणि विषय एकच, अमेरिका. तुमचं ते अमेरिकन साप्ताहिक विमानाच्या टपालाने यायचं, तुम्ही लाल पेनाने खुणा करून ठेवायचात आणि मोठ्याने वाचून दाखवायचात. तुरुंगात कोण आहेत बघा. युद्धावर कोणाची पोरं जातात बघा. निवडणुकीत पैसा कोणाचा लागतो बघा. "तिथे कायदा सगळ्यांना सारखा आहे हो," तुम्ही म्हणायचात, "फक्त वकील सारखा नाही." काका मान डोलवायचे. एके वर्षी तुमच्या इथल्या हॉस्पिटलातलं साफसफाईचं काम बाहेरच्या कंपनीला दिलं होतं, आणि आमच्या गल्लीतल्या दोन गुजराती मावश्यांचे तास निम्मे झाले होते. आईने एकदा चहाचा ट्रे ठेवता ठेवता ते काढलं. तुम्ही म्हणालात, "हो ना, वाईटच झालं," आणि परत अमेरिकेत गेलात. स्वयंपाकघरात येऊन आई पुटपुटली, "लोकां सांगे ब्रह्मज्ञान." पुढचं तिने म्हटलं नाही. म्हणायची गरज नव्हती.

आता सिस्टर. मंडळातल्या नव्या लोकांना ती माहीत नाही, पण आपल्या घरी ती घरचीच होती. जमैकाची, वॉर्डची सिस्टर, तुमच्याबरोबर वीसेक वर्षं काम केलेली. उंच, ताठ, आणि हसली की अख्ख्या घराला ऐकू जाणारी. दरवर्षी गणपतीला यायची, आरतीला टाळ्या वाजवायची आणि मोदक मोजून चार खायची. दिवाळीला आई तिला फराळाचा डबा द्यायची. पहिल्या वर्षी तिने तो स्वच्छ धुऊन परत आणला, तेव्हा आईने हसत हसत तिला सांगितलं की आमच्यात रिकामा डबा परत देत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. त्यानंतर आपला डबा कधीही रिकामा आला नाही. ख्रिसमसच्या आधी त्यात तिचा काळा केक यायचा, रममध्ये भिजवलेला. तुम्ही तो लपवून ठेवायचात. मी नोकरीसाठी रीडिंग शहरात राहायला गेले तेव्हा माझ्या वाटणीचा तुकडा आई फ्रीझरमध्ये ठेवायची, नाहीतर तोही गेला असता.

इराक युद्धाच्या वर्षी तुम्ही काका लोकांना घेऊन लंडनला युद्धविरोधी मोर्चाला गेला होतात. मीही होते. तुम्ही माकडटोपी घालून, थर्मास गळ्यात अडकवून चालत होतात, डोळे चमकत होते. त्यानंतर दोन रविवारांनी सिस्टर आपल्या घरी आली. बैठक रंगात होती. तिने कोटही काढला नाही. तिसऱ्यांदा तिला डावलून तिच्याच हाताखाली शिकलेल्या एका गोऱ्या मुलीला वरची जागा दिली होती. ती लेखी तक्रार करत होती आणि तिला एकच गोष्ट हवी होती. मुलाखती झाल्यावर स्टाफ रूममध्ये मॅनेजर तिच्याबद्दल म्हणाली होती की वॉर्डच्या तोंडाशी पेशंटना आपलासा वाटेल असा चेहरा हवा. सिस्टर दाराबाहेर होती, तिने ऐकलं. तुम्ही आत खुर्चीवर सँडविच खात होतात. "डॉक्टर, तुम्ही तिथे होतात," ती म्हणाली, "जे ऐकलंत तेवढंच लिहून द्या. जास्त काही नको." तुम्ही ताडकन उठलात. "ऑफकोर्स! यात विचारायचं काय?" काकांनी टाळ्या वाजवल्या हो, अक्षरशः टाळ्या. आणि मग तुम्ही तिला, उभ्या उभ्या, बर्फ आणि फलकाची गोष्ट सांगितलीत. तिने ती आधी दहादा ऐकली असेल. तिने पूर्ण ऐकून घेतली, "थँक यू, डॉक्टर" म्हणाली आणि गेली.

त्यानंतर तीन आठवडे तुम्ही काही लिहिलं नाही. मी दर शुक्रवारी फोनवर विचारायचे, तुम्ही म्हणायचात, बघतो, बघतो. मग एका शनिवारी आईने मला सांगितलं की मॅनेजरने तुम्हाला बोलावून घेतलं होतं. तुम्ही पुढच्या वर्षी रिटायर होणार होतात, आणि त्यानंतर आठवड्याचे दोन दिवस तुम्हाला ठेवायचं की नाही हे तिच्या हातात होतं. तिने चहा दिला, तब्येतीची चौकशी केली. तक्रारीचं नावही काढलं नाही म्हणे. काढायची गरजच काय! तुम्हाला घरी बसायची किती भीती वाटायची ते मला माहीत होतं. पण बाबा, अमेरिकेत पंचवीस-सव्विसाव्या वर्षी, खिशात दमडी नसताना कॉन्ट्रॅक्टवर पाणी सोडणारे तुम्ही, आणि इथे घराचं कर्ज फिटलेलं, पेन्शन पक्कं, मुलगी कमावती, आणि आठवड्याच्या दोन दिवसांसाठी तुम्ही मूग गिळून बसलात.

त्या शनिवारी दुपारी तुम्ही मला टाइप करायला बसवलंत. तुमची सगळी पत्रं मी चौदाव्या वर्षापासून टाइप करत आले होते. तुम्ही येरझाऱ्या घालत अर्धं मराठी अर्धं इंग्रजी बोलायचात, मी त्याचं नीट इंग्रजी करायचे, आणि तुम्ही न वाचता सही ठोकायचात. त्या दिवशी तुम्ही खिडकीकडे तोंड करून सांगितलंत, "लिही, की मी त्या वेळी खोलीत होतो, पण नेमकं काय बोलणं झालं ते मला आता आठवत नाही." मी म्हटलं, "बाबा, तुम्ही मला शब्दन् शब्द सांगितलं होतंत." तुम्ही म्हणालात, "तू लिही गं." मी लिहिलं.

जुलैमध्ये तक्रार फेटाळली. ऑगस्टमध्ये सिस्टरने हॉस्पिटल सोडलं आणि एजन्सीमार्फत म्हाताऱ्यांच्या होममध्ये रात्रपाळ्या करायला लागली. गणपतीला ती आली नाही. दिवाळीला तुम्ही आईला म्हणालात, "यंदा सिस्टरला जरा जास्त दे. चिरोटे घाल, तिला आवडतात." बापरे, बाबा! एका बाईची सव्वीस वर्षांची नोकरी गेली आणि तुम्ही चिरोट्यांनी भरपाई करायला निघालात. आई म्हणाली, "अहो, नका जाऊ." तुम्ही ऐकलं नाहीत. गाडी मीच चालवली. तिने दार उघडलं, आत बोलावलं, बसा म्हणाली. डबा घेऊन स्वयंपाकघरात गेली. नळ चालू झाल्याचा आवाज आला. दोन मिनिटांत ती डबा धुऊन, पुसून, कोरडा करून घेऊन आली आणि तुमच्या हातात दिला. "तुमच्यात रिकामा देत नाहीत ते मला माहीत आहे," ती म्हणाली. मग म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही विसरलात असं लिहिलं असतंत तर मी समजू शकले असते. माणूस घाबरतो. पण असं कोणी काही बोललंच नाही हे तुम्ही कसं लिहिलंत?" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी गाडीची किल्ली शोधत होते.

परत येताना तुम्ही डबा मांडीवर धरून बसला होतात. "तिचा काहीतरी गैरसमज झालाय," तुम्ही म्हणालात. "मी फक्त आठवत नाही एवढंच म्हटलं होतं ना गं?" आणि मी भडकले. काय काय बोलले मी तुम्हाला! ढोंगी म्हणाले. आयुष्यभर दुसऱ्याच्या देशातल्या अन्यायावर पोट भरलंत म्हणाले. तुमच्या त्या साप्ताहिकाची रद्दीसुद्धा कोणी घेणार नाही म्हणाले. तुम्ही एकदाच म्हणालात, "अगं, पण मी तसं म्हटलं नव्हतं." मी म्हटलं, "बास, बाबा." त्यानंतर मी वॉटफर्डला येणं जवळजवळ बंद केलं. मार्चमध्ये तुम्ही गेलात, आठवड्याचे ते दोन दिवस सुरू व्हायच्या आतच. अंत्यविधीला काकांनी फलकाची गोष्ट सांगितली. अमेरिकेत काळा माणूस राष्ट्राध्यक्ष झाला त्या सकाळी चारही काकांचे मला फोन आले, "तुझे बाबा आज हवे होते!" मी म्हटलं, हो ना.

माझा राग खोटा नव्हता, बाबा. अजूनही आहे. तुम्ही घाबरलात आणि ते मला सहन झालं नाही. पण ते वाक्य तुमचं नव्हतं. तुम्ही चहा घ्यायला आत गेलात तेव्हा मी ते बदललं. ब्रॅकनेलच्या आमच्या ऑफिसात त्या वर्षी माणसं काढत होते, आणि त्याची पत्रं माझ्याच टेबलावरून जायची. त्यातून मी शिकले होते की 'आठवत नाही' लिहिलं की माणसाला समोर बोलावतात आणि चार प्रश्न जास्त विचारतात. तुम्हाला बोलावलं असतं तर तुम्ही खरं सांगून मोकळे झाला असतात. ते दोन दिवसांचं काम गेलं असतं, तुम्ही घरात बसून आईचा जीव खाल्ला असतात, आणि दर वीकेंडला मला ते निस्तरावं लागलं असतं. म्हणून मी तुमच्या नावाने लिहिलं, 'माझ्यासमोर असं कोणतंही बोलणं झालं नाही.' छान, स्वच्छ, एका ओळीत. तुम्ही सही केलीत. सोमवारी स्टेशनवर जाताना मी ते पाकीट पोस्टात टाकलं.

सिस्टर अजून आहे. लुटनला भाचीकडे राहते, आता काठी घेऊन चालते. तिचा पत्ता आईने मला केव्हाच लिहून दिलाय. हे पत्र खरं तर तिला लिहायचं होतं. तिला लिहिलं तर ती उत्तर देईल, म्हणून तुम्हाला लिहिलं.