‘भरती’ आणि माझ्या मर्जीचा वाटा

बिस्मिल्ला. मी, कनीज हमीद परकार, वय पंचेचाळीस, मूळ गाव दापोली, राहणार अल सद्द, दोहा. डोकं ठिकाणावर आहे, तब्येत उत्तम आहे. हजला निघण्याआधी माणसानं आपलं मागचं आवरून ठेवावं, एवढ्याचसाठी हे मृत्युपत्र स्वखुशीनं लिहीत आहे.

१. दापोलीचं घर व बँकेतली शिल्लक शरियतीप्रमाणे ज्याच्या त्याच्या वाट्याला जाईल. त्यात मी बोट घालत नाही. मर्जीनं देता येतो तो एक तृतीयांश. पुढची कलमं त्यातली.

२. माझा ड्रमसेट गिरीश व नयना या नाशिककर जोडप्यास द्यावा. आमच्या ‘खारा वारा’ बँडचा तो गिटारवाला, ती गायिका. मी दिवसा दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते, संध्याकाळी ड्रम वाजवते. पहिला अल्बम आम्ही इंग्रजीत केला. ज्यांनी ऐकला त्यांनी लगेच हवापाण्याच्या गप्पा काढल्या. दुसरा, ‘भरती’, मराठीत करायचा हट्ट माझा. गिरीश म्हणाला, “भाभी, मराठीत रॉक म्हणजे श्रीखंडात ठेचा!” तरी आला.

३. रेकॉर्डिंग आमच्याच बेडरूममध्ये झालं. एसीची घरघर माइकमध्ये शिरायची, म्हणून ऐन ऑगस्टात एसी बंद ठेवून, भिंतींना गाद्या लावून आम्ही वाजवलं. त्या गाद्या कोणालाही दान करू नयेत. फेकाव्यात.

४. ड्रमच्या झांजा मात्र एकट्या नयनाच्या नावावर. कारण लिहून ठेवते. मार्च २००६, अल मन्सूरात बशीरभाईंच्या हॉटेलचा वरचा हॉल, ‘भरती’चं प्रकाशन. लोक येऊन बसले आणि नयनाचा घसाच बसला. गिरीश म्हणाला, “सीडी लावू, ती नुसते ओठ हलवील.”

“मग मीपण नुसते हात हलवते,” मी म्हटलं. नयना रडायच्या बेतात.

माझे मिस्टर हमीद शिपिंग कंपनीत क्लार्क, अबोल माणूस. दोन वर्षं मला एकच वाक्य ऐकवत आले होते, “कनीज, दार लाव.” ते बिर्याणीची प्लेट ठेवून, हात पुसत पुढे आले.

“मला येतात.”

“काय येतात?”

“गाणी. सगळी. आपली भिंत पातळ आहे.”

आणि गायले. गाणं बाईचं, ‘निघाले मी, लाट झाले मी’. त्यांनी शब्द बदलला नाही. आधी लोक हसले. दुसऱ्या कडव्याला हॉल उभा राहिला. घरी मराठीत उत्तर न देणारी पोरं खुर्च्यांवर चढून ‘लाट झाले मी’ ओरडत होती. आनंदानं माझा ठेका चुकला. हमीद थांबले, माझ्याकडे बघून हसले, म्हणाले, “यल्ला, कनीज, चल पुढे!” सीडी एकही उरली नाही. गिरीशला मी तेव्हाच माफ केलं; झांजा तरीही नयनाच्याच.

५. हमीदना त्यांचा वाटा शरियत देते, मृत्युपत्रानं मी वेगळं काही देऊ शकत नाही. म्हणून आजच, हयातीत देते: तिसऱ्या अल्बमची गाणी त्यांनी गावीत. नयनाला विचारलं आहे. ती म्हणाली, “भाभी, निम्मी तरी माझी ठेवा!” ठेवली आहेत.

हे सर्व वाचून, मंजूर करून खाली सही केली.

सही: कनीज हमीद परकार
साक्षीदार: १) बशीर मुकादम, अल मन्सूरा २) मालविका देवस्थळी, शेजारीण
दोहा, १४ नोव्हेंबर २००८